भुताचा पत्ता

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि शाळेचा मुख्याध्यापक असलेल्या माणसाने 'पुराना मंदिर' चार वेळा पाहिलेला असावा, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही. सहकारी शिक्षकांपासून ही गोष्ट मी बरीच वर्षे लपवून ठेवली होती. आता पन्नाशी उलटून गेली आहे, तेव्हा कबुली द्यायला हरकत नाही. मला भुताचे सिनेमे आवडतात. त्यातही कमी पैशांत, चार माणसांत आणि एका जुन्या वाड्यात उरकलेले अधिक आवडतात. अलीकडे उद्याच्या उद्ध्वस्त जगाचे चित्रपट आणि मालिकाही मी पाहतो. या दोन्हींबद्दल जे सुचले ते रसिक वाचकांपुढे ठेवतो.

'पुराना मंदिर' १९८४ साली आला. पेडणे महालातल्या आमच्या वाड्यावर तो पोचला तो त्यानंतर काही काळाने, चवथीच्या दिवसांत, भाड्याने आणलेल्या टीव्ही आणि व्हिडिओवरून. अंगणात बारदाने पसरून पन्नासेक माणसे दाटीवाटीने बसली होती. सामरी नावाचा तो राक्षस, त्याचे धडावेगळे केलेले मुंडके, त्याने राजघराण्याला दिलेला शाप, हे सारे पाहून आम्हा पोरांची बोबडी वळली. सिनेमा संपल्यावर घरी जायचे तर वाटेत देवचाराची जागा. मी आजीचा हात घट्ट धरला. आजी म्हणाली, अरे, इथे कसली भीती? हा आपला राखणदार. घोंगडी पांघरून, काठी टेकत तो आपल्याला घरापर्यंत पोचवील.

त्या रात्री जे कळले नाही ते पुढे कळले. सामरीची भीती चार दिवसांत ओसरली. देवचाराचा वचक मात्र अजून आहे. खोटे बोलून, कुणाची सुपारी-नारळ उचलून त्या वाटेने जायला आजही पाऊल अडखळते. सामरीला शाप होता, घराणे होते, पण गाव नव्हते. देवचाराला गाव आहे, हद्द आहे आणि वर्षाचा रोट आहे. त्याला आमच्या घरातल्या माणसांची नावे ठाऊक आहेत. ज्या भुताला पत्ता असतो तेच भूत टिकते.

रामसे बंधूंना मी कमी लेखत नाही. कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे त्यांचे वडील फाळणीनंतर मुंबईत आले. १९७० सालचा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात मुखवटा घालून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर पाहून प्रेक्षक दचकत होते, हे त्या पोरांनी बरोबर हेरले. मग १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला घरच्या माणसांसह मुक्काम ठोकून, एक भाऊ दिग्दर्शनाला, एक कॅमेऱ्याला, एक ध्वनीला, असा तो घरगुती मामला होता. पैसे नसल्यामुळे अंधार वापरावा लागला आणि अंधाराने त्यांचे काम अर्धे केले. त्यांचे दोषही मोठे आहेत. विनोदी उपकथानक ठिगळासारखे लावलेले, नायिकेला भिववण्याआधी भिजवण्याची हौस, आणि 'वीराना'सारख्या चित्रपटात (१९८८) सारे अनिष्ट एका सुंदर बाईच्या अंगात भरून मोकळे होणे. ज्या समाजात एखाद्या विधवेकडे बोट दाखवून तिला वाळीत टाकले जाते, त्या समाजात हा दोष केवळ कलेचा राहत नाही.

तरीही कमी पैशांत भय उभे राहते, हे आम्हा पेडणेकरांना रामसेंनी शिकवायची गरज नव्हती. दशावताराला काय लागते? एक बाकडे, एक पडदा, पेटी, पखवाज आणि झांज. तेच बाकडे राजाचे सिंहासन होते, तेच पर्वत होते. काळ्या वेषातला संकासुर मध्यरात्रीनंतर पुढे आला की मांडीवरची पोरे रडायला लागतात, आणि तो बोलायला लागला की तीच पोरे हसतात. प्रेक्षक आपल्या मनातला ऐवज त्यात घालतो. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने जगभर हेच केले: तीन मुले, एक रान, हरवलेला नकाशा, चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही.

आता उद्याच्या जगाचे चित्रपट. यांना इंग्रजीतून आलेला 'डिस्टोपिया' हा शब्द वापरतात. रामराज्याच्या नेमके उलटे राज्य, असा अर्थ घेतला तरी चालेल. ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ ची. त्याच्याही आधी १९२७ मध्ये फ्रिट्झ लांगने 'मेट्रोपोलिस'मध्ये वर बगीचे आणि खाली जमिनीत राबणारे मजूर दाखवले. या प्रकाराला पैसा लागतो असा समज आहे. तो खोटा आहे. गोदारने १९६५ च्या 'आल्फाव्हिल'साठी एकही भविष्यातले शहर उभारले नाही. त्याने रात्रीचे पॅरिस आणि तिथल्या काचेच्या नव्या इमारती तशाच टिपल्या. १९७९ चा 'मॅड मॅक्स' करणारा जॉर्ज मिलर हा डॉक्टर होता, रस्त्यांवरच्या अपघातांतली माणसे त्याने हाताळली होती. ओसाड सडका आणि मोडक्या गाड्या एवढ्या सामग्रीवर त्याने कायद्याचा अंत दाखवला. दोघांनीही समोरचे जग थोडे तिरके करून दाखवले, म्हणून ते अंगावर येते.

आपल्याकडे २०१९ ची 'लैला' ही मालिका प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरून आली. जातीजातींत भिंती, शुद्धतेचा धाक आणि पाण्यासाठी वणवण. तिचा पहिला भाग पाहताना घसा कोरडा पडतो; पुढे मात्र पळापळ वाढते आणि विचार मागे पडतो. त्याआधीची 'घूल' (२०१८) तीनच भागांची. त्यात राधिका आपटेने रंगवलेली अधिकारी स्वतःच्या बापाला सरकारच्या हवाली करते. पुढे कैदखान्यात येणारे पिशाच्च माणसांना त्यांचेच अपराध दाखवते. इथे भयपट आणि दुःस्वप्नपट एकमेकांना भेटतात, आणि भिववते ती मुलीची ती पहिली निष्ठावंत कृती, पिशाच्च नव्हे. उलट २०२४ चा 'कल्की २८९८ एडी' पाहा. शेकडो कोटी खर्चून भविष्यातली तहानलेली काशी उभी केली आहे, वर आकाशात साऱ्या सुखांनी भरलेले 'कॉम्प्लेक्स' आहे. डोळे दिपतात, पण अंगावर काटा येत नाही. ते दुःख कुणाचे, ते कुणी केले, त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे यंत्रांच्या लढाईत हरवते.

या चित्रपटावर वर्गात गप्पा निघाल्या तेव्हा डिचोलीच्या खाणपट्ट्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या आजीच्या विहिरीचं असंच झालं. पण तिचा सिनेमा कोणी काढला नाही."

मी त्या दिवशी पुढे फार बोलू शकलो नाही. डिचोली तालुक्याला दुःस्वप्न कल्पनेतून आणावे लागत नाही. पोर्तुगीज अमदानीतल्या सवलतींपासून सुरू झालेली खनिजाची उचल. रस्त्याने ट्रकांची न संपणारी रांग. मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जी. दारातल्या तुळशीवर तांबडी धूळ. भूजलाच्या खाली गेलेल्या खड्ड्यांमुळे विहिरी आटल्याची शिरगावची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. मग २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, काही काळाने चालू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२२ नंतर लिलाव होऊन टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होऊ लागल्या. बंदीत ट्रकवाल्याचे हप्ते थकले, चालू असताना शेतकऱ्याचे शेत गाळाने भरले. एकाच घरात थोरला भाऊ ट्रकवर आणि धाकटा शेतात, अशी कुटुंबे मी ओळखतो. यात राक्षस कोण आणि नायक कोण, हे सांगायला रामसेंची पटकथा पुरत नाही.

आणि म्हणूनच राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) मला आपल्या भागाचा चित्रपट वाटतो, जरी तो हिंदीत आहे. त्याची मुळे मराठी आहेत. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि म्हातारीचा सुरुवातीचा भाग नारायण धारपांच्या 'आजी' कथेतून आलेला. भूमातेच्या गर्भात हस्तर आहे. त्याच्याकडे सोने आहे, धान्य नाही, म्हणून तो सदा भुकेला. विनायकराव कणकेची बाहुली दाखवून त्याच्या लंगोटातल्या मोहरा लुटतो. एकदा, दोनदा, मग जन्मभर. पुढे पोराला शिकवतो. पोराला वाटते, एका बाहुलीने एवढे मिळते तर पुष्कळ बाहुल्या न्याव्यात. लालसा वारशाने कशी वाढते, हे एवढ्या सोप्या रूपकात मी दुसरीकडे पाहिलेले नाही. खाणीच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून खालचे हिरवट पाणी ज्याने पाहिले आहे, त्याला तो गर्भ ओळखीचा वाटेल. पहिल्या प्रदर्शनात बेताचाच चाललेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने आधीपेक्षा अधिक कमाई केली. तोंडोतोंडी पसरलेली कीर्ती जाहिरातीहून दणकट असते.

गोव्याच्या नावाने आलेल्या 'गो गोवा गॉन'शी (२०१३) याची तुलना करून पाहावी. तो विनोदी आहे, मी हसलोही. पण त्यात गोवा म्हणजे मुंबईकडच्या पोरांची मौज, रशियन टोळी आणि नशेतून उठलेली मढी. गोंयकार त्यात शोधावा लागतो. भूत आयात, बळी आयात. आमची फक्त वाळू.

सीमेपलीकडच्या वाचकांना ऊस ठाऊक आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) पूजा सावंतची गरोदर नायिका उसाच्या फडात वाट चुकते. फड हाच चक्रव्यूह. सेटचा खर्च नाही. त्यातली भुते म्हणजे जन्मू न दिलेल्या मुलींचा हिशेब. रामसेंनी बाईला चेटकीण केले, इथे बाईला फिर्यादी केले. पन्नास वर्षांत भयपट किती पुढे आला याचे माप मी या एका गोष्टीने घेतो. पुढे त्याचा हिंदी अवतार 'छोरी' (२०२१) निघाला. चकचकीत आहे, पण मला मूळचा उसाचा वास अधिक खरा वाटला.

आणखी एक दुवा सांगतो. १९९३ च्या 'झपाटलेला'त दिलीप प्रभावळकर तात्या विंचू होते. कल्पना अमेरिकी बाहुल्याची, पण महेश कोठारे यांनी ती रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुलीच्या तोंडी घातली आणि विंचू मराठी झाला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, तेच प्रभावळकर सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार'मध्ये सिंधुदुर्गातले थकलेले दशावतारी कलावंत होऊन आले, आणि समोर होती खाण. त्या मुलीच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले मोठे उत्तर आहे. माझी तक्रार एवढीच की शेवटी सूड पुरा होतो. दुष्टाला शासन झाले की प्रेक्षक टाळ्या वाजवून हलका होऊन घरी जातो. खाणीचा हिशेब इतका सोपा नाही. त्या हिशेबात आपलेही हप्ते आहेत, आपलीही घरे बांधली गेली आहेत. जो भयपट प्रेक्षकाला हलके करून सोडतो तो चांगला. जो त्याच्या खिशातली मोहर त्यालाच दाखवतो तो थोर. 'तुंबाड' दुसऱ्या जातीचा आहे.

भुताचे चित्रपट पाहून मुले अंधश्रद्ध होतात का, असे पालक विचारतात. मी सांगतो, भूत दाखवल्याने होत नाहीत, भूत कशाचे आहे हे न विचारल्याने होतात. म्हणून चित्रपटावर बोलताना मी मुलांना एवढेच विचारायला शिकवतो: हे भूत काय मागते आहे?

कोजागिरीला पेडण्याची पुनव भरते. रात्री रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात, लोटलेली गर्दी असते. भूतबाधा झाली म्हणून माणसे आणली जातात. त्यांना डॉक्टरकडे न्यावे असेच मी म्हणतो. पण त्या रात्रीची एक गोष्ट मला दरवर्षी नवी वाटते. भूतनाथ आपल्यासाठी देऊळ मागतो, रुसतो, रानाकडे धाव घेतो. लोक मागून धावतात आणि बांधून देतो असा शब्द देऊन त्याला परत आणतात. पुढच्या पुनवेला तो पुन्हा मागतो.

त्या आजीची विहीरही मागतेच आहे. दहावी झालेली ती मुलगी आता कॉलेजात आहे. हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे, समोर खड्डा आहे, घरी गोष्ट सांगणारी आजी आहे. भांडवल म्हणून एवढे पुरे व्हावे.