संकलनाचा मूळ पाठ : एका चित्रपटाच्या दोन प्रतींविषयी

चित्रपटाच्या इतिहासग्रंथांतून संकलनकलेच्या उगमाची हकीकत बहुधा एका सरळ रेषेत सांगितली जाते. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये एकेका शॉटचे चित्रपट दाखविले. मेलिएस यांनी दृश्यापुढे दृश्य जोडले. एडविन पोर्टर यांनी ती दृश्ये तोडून परस्परांत गुंफली आणि ग्रिफिथ यांनी त्या गुंफणीस पूर्णत्व दिले. या हकीकतीत पोर्टर यांना जे स्थान मिळाले, त्याचा एक मुख्य आधार म्हणजे त्यांचा 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन' (१९०३) हा चित्रपट. परंतु या चित्रपटाच्या दोन प्रती उपलब्ध असून नेमक्या महत्त्वाच्या स्थळी त्या एकमेकींशी जुळत नाहीत. हा पाठभेद प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने या क्षेत्रात का शिरावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि दोन पाठांपैकी जुना कोणता हे ठरविणे, आणि जुन्या प्रयोगास आजच्या नियमाने अशुद्ध म्हणण्याचा मोह आवरणे, ही कामे आपल्या शास्त्राला अपरिचित नाहीत.

वादाचा प्रसंग साधा आहे. जळत्या घरात एक स्त्री व तिचे मूल अडकले आहे. अग्निशामक प्रथम स्त्रीला व नंतर मुलाला शिडीने खाली आणतो. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेकडे १९४४ मध्ये आलेल्या प्रतीत हा प्रसंग खोलीच्या आतून व घराबाहेरून असा आलटून-पालटून दिसतो. अग्निशामक खिडकीतून बाहेर पडताच आपण बाहेर येतो. तो परतताच आपण आत जातो. काल अखंड वाहतो. दुसरा पाठ वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. अमेरिकेच्या कायद्यात १९१२ पर्यंत चित्रपटासाठी स्वामित्वहक्काची स्वतंत्र तरतूद नव्हती. म्हणून निर्माते संपूर्ण चित्रपट कागदाच्या गुंडाळीवर छापून छायाचित्रे म्हणून त्याची नोंद करीत. या कागदी प्रतीत संपूर्ण सुटका प्रथम आतून दिसते आणि ती संपल्यावर तीच सुटका आरंभापासून पुन्हा बाहेरून दिसते. स्त्री दोनदा वाचते, मूलही दोनदा वाचते.

यांतील मूळ पाठ कोणता? हस्तलिखितांच्या चिकित्सेत एक संकेत मानला जातो : जो पाठ नंतरच्या वाचकास खटकतो, तोच बहुधा जुना, कारण खटकणारे सुगम करण्याकडे लेखनिकाची प्रवृत्ती असते, सुगम असलेले मुद्दाम खटकणारे करण्याकडे नसते. येथे तर अंतर्गत पुराव्यावरच विसंबण्याचेही कारण नाही. कागदी प्रत चित्रपटाच्या निर्मितिकाळीच, १९०३ मध्ये, दाखल झालेली आहे. चार्ल्स मसर, आंद्रे गोद्रो आदी संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात या प्रश्नाची छाननी केली, आणि आलटून-पालटून मांडलेली प्रत ही मागाहून कोणीतरी केलेली पुनर्रचना होय, हे मत स्थिर झाले. ल्यूइस जेकब्झ यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात संकलनतत्त्वाच्या शोधाचे श्रेय पोर्टर यांना दिले होते. पुढे हाती आलेल्या सुधारित प्रतीने त्या मतास जणू प्रत्यक्ष प्रमाण पुरविले. प्रक्षेपाने परंपरेला दुजोरा द्यावा आणि परंपरेने प्रक्षेपाला, असा हा प्रकार होता.

मग मूळ पाठातील पुनरुक्ती ही पोर्टर यांची चूक मानावयाची काय? मला तसे वाटत नाही. मेलिएस यांच्या १९०२ च्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटातही अग्निबाण प्रथम चंद्राच्या डोळ्यात रुततो आणि पुढील दृश्यात तो चंद्रभूमीवर पुन्हा उतरताना दिसतो. प्रत्येक दृश्य आपापली घटना पुरी करी. काळाची सांधेजोड प्रेक्षक मनात करी. तो एक संकेत होता, आणि प्रेक्षक त्यास सरावलेला होता. यादवकालीन मराठीतील रूपे आजच्या व्याकरणात बसत नाहीत, म्हणून त्या काळचे लोक अशुद्ध बोलत असे आपण म्हणत नाही. चित्रपटाच्या इतिहासकाराने मात्र दीर्घकाळ नेमके हेच केले.

येथे 'चित्रपटाचे व्याकरण' या रूपकाचीही मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. मराठी कथेकऱ्यास समकालीन घटना सांगावयाच्या तर त्याच्यापाशी 'इकडे' आणि 'तिकडे' हे शब्द असतात. क्रियापदाला काळ असतो. शॉटपाशी यांतले काहीच नाही. एकामागून एक येणे एवढेच त्याचे साधन; आणि त्या क्रमाचा अर्थ 'नंतर', 'त्याच वेळी' की 'तेच पुन्हा', हे क्रम स्वतः सांगू शकत नाही. ते समाजमान्य संकेताने ठरते, आणि संकेत रुळावयास काळ लागतो. १९०८ चा फ्रेंच चित्रपट 'ल मेद्सँ द्यु शातो' आणि १९०९ चा ग्रिफिथ यांचा 'द लोन्ली व्हिला' यांत संकटात सापडलेले घर आणि त्याकडे धावणारा गृहस्वामी आळीपाळीने दिसतात, तेव्हा हा नवा संकेत रुळू लागल्याचे आपणांस कळते. तो एकाच देशात वा एकाच व्यक्तीच्या हाती जन्मला, असे म्हणता येत नाही. त्याआधी ब्रायटनच्या परिसरात जी. ए. स्मिथ व जेम्स विल्यमसन यांनी केलेले प्रयोगही याच घडणीचा भाग होत.

यामुळे पोर्टर यांचे महत्त्व उणावते, असा आक्षेप येईल. मला वाटते, उणावते ते जनकत्व, महत्त्व नव्हे. एक संकेत मावळत असताना आणि दुसरा अद्याप रुळला नसताना काम करणाऱ्या कलावंताचे साक्ष्य भाषेतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते. आणि ज्या अनामिकाने ती फिल्म कापून पुन्हा जोडली, त्याची प्रतही टाकाऊ नाही. १९०३ चा पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहे; परंतु नवा संकेत पुढे किती स्वाभाविक वाटू लागला होता, याचा तिच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळणे कठीण. प्रक्षिप्त ओवी ग्रंथकाराविषयी काही सांगत नसली, तरी ती घालणाऱ्याच्या काळाविषयी पुष्कळ सांगते. दोन्ही पाठ जपावेत. मात्र कोणता कशाचा पुरावा आहे, हे विसरू नये.