हतनूरचे पाणी कोणत्या रकान्यात?

आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना सरकारच्या मनात राहिलेली शंका पुढे घरच्या नियमांत सापडते. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे झालेला करार ब्रिटनने 1976 मध्ये स्वीकारला आणि 1979 मध्ये हाँगकाँग या आपल्या वसाहतीला लागू केला. तिथली माई पो दलदल मात्र रामसर यादीत आली 1995 मध्ये, वसाहत चीनच्या हवाली होण्याच्या अवघी दोन वर्षे आधी.

आपली कथा फार वेगळी नाही. भारत 1982 मध्ये करारात आला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, 2019 मध्ये घोषित झाले. हे स्थळ तरी काय? ब्रिटिश काळात सिंचनासाठी गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्याचा फुगवटा.

इथेच विसंगती आहे. रामसरच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही पाणथळी बसतात. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. यादीत नाव गेले तर नियम लागू. पण यादीबाहेरच्या धरणाला राज्याने स्वतःहून पाणथळ म्हणावे, तर व्याख्याच आड येते. पाणी म्हणजे सिंचनाचे साधन, हा वसाहतकालीन हिशेब अजून मोडलेला नाही.

खानदेशाला हे वगळणे सर्वांत जास्त झोंबते. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे. जळगावकडे तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर. इथले मोठे पाणी बहुतेक माणसानेच अडवलेले. हतनूरमध्ये गाळ साचला, हा अभियंत्यांच्या लेखी दोष. पण त्याच उथळ पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदके उतरतात. महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूर आहे, नियमांच्या व्याख्येत नाही.

संरक्षण आले की आवर्तन अडेल, गाळपेर बंद होईल, ही शेतकऱ्याची भीती खोटी म्हणून झटकता येणार नाही. मात्र करार वापर थांबवा म्हणत नाही, सुज्ञपणे करा म्हणतो. तेव्हा पाण्याची पातळी, गाळपेर आणि मासेमारी यांचा मेळ शेतकरी व मच्छीमारांना सोबत घेऊन लेखी ठरवावा. त्याआधी व्याख्येतला तो अपवाद काढावा. पाणी कोणी अडवले यापेक्षा त्यावर कोण जगते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.