बाय समबडी

आमची कन्या अकरावीत आहे. परवा तिने इंग्रजीचा पर्यावरणावरचा धडा माझ्यापुढे टाकला. लेखकाचे नाव वाचून मी सावरूनच बसलो. नानी पालखीवाला! ज्यांचे अर्थसंकल्पावरचे भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचे, त्यांच्या धड्यावर टीका करणे म्हणजे कारकुनाने चेअरमनची सही जुळत नाही म्हणण्यासारखे.

लेख मूळचा 1994 सालचा, वर्तमानपत्रातला. पुढे तो एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये आला. मासे, जंगले, कुरणे आणि शेतजमीन ही माणसाची चार खाती. आमच्या भाषेत सांगायचे तर आपण व्याजावर न भागवता मुद्दलच काढत सुटलो आहोत. हे कुठल्याही बँकवाल्याला पटावे.

माझी तक्रार धड्याबद्दल नाही, शिकवणीबद्दल आहे. कन्येच्या वहीत वाक्ये होती : ‘ट्रीज आर कट. रिव्हर्स आर पोल्यूटेड.’

“कोण कापतं?” मी विचारले.

“बाबा, पॅसिव्ह व्हॉइसमध्ये ‘बाय समबडी’ गाळायचं असतं. नाहीतर सर कापतात.”

“झाडं?”

“मार्क!”

आता आम्ही पडलो बी.कॉम. एक नोंद जमेला पडली की दुसरी कुणाच्या तरी नावे पडलीच पाहिजे. झाड गेले, ते कुणाच्या नावे? इंग्रजी शिकवता शिकवता पर्यावरण शिकवावे, जरूर शिकवावे. पण या व्याकरणात गुन्हा तेवढा राहतो आणि गुन्हेगार सुटतो.

गंमत म्हणजे उत्तर धड्यातच आहे. झांबियात लुसाकाच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका पिंजऱ्यावर म्हणे पाटी होती, जगातला सर्वांत धोकादायक प्राणी. आत पाहावे तर आरसा! पाहणाऱ्याला गाळलेला कर्ता तिथे बरोबर सापडतो.

“तेव्हा यापुढे ‘बाय’ लिहायचं आणि पुढे नाव घालायचं,” मी थाटात म्हणालो.

“बरं. तुमच्या ब्रँचसमोरचा गुलमोहर कुणी तोडला हो?”

मी चष्मा पुसू लागलो. गुलमोहराआड ब्रँचची पाटी दिसत नव्हती. 1975 च्या वृक्षांच्या कायद्यामुळे परवानगीचा अर्ज करणे आले, आणि इंग्रजी बरे म्हणून मसुदा माझ्याच टेबलावर आला. ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट द ट्री मे बी रिमूव्ह्ड.’ वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. ‘बाय’ कुठेच नव्हते.

कन्येने वहीत ‘द ट्री वॉज कट बाय’ एवढे लिहिले आणि पेन माझ्या हातात दिले.