झोळी आणि साक्ष

बालपणीं ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला, अशा व्यक्तींच्या साहाय्यार्थ निधि जमविणें आणि त्याविषयीं लोकांना जागें करणें, हें कार्य अलीकडे बहुतांशीं इंटरनेटवरून चालतें. मोबाईलच्या पडद्यावर आवाहन येतें. त्यांत एक कहाणी असते, कहाणीखालीं रकमेचा आंकडा असतो, आणि वाचकाचें मन द्रवलें कीं बोटाच्या एका स्पर्शानें त्याचे पैसे रवाना होतात. या कार्याच्या आवश्यकतेविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु आवाहन ही एक वाङ्मयीन रचनाहि आहे. तिला निवेदक असतो, पात्र असतें, रस असतो, आणि वाचकाकडून तिची कांहीं एक अपेक्षा असते. अर्थात् दात्याप्रमाणें टीकाकारानेंहि तिची परीक्षा करावयास हरकत नाहीं. आणि ती करूं लागतांच पहिला प्रश्न उभा राहतो तो असा: ही कहाणी कोणाची, आणि ती सांगतो आहे कोण?

विषय लहान नाहीं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, महाराष्ट्र व गोवा धरून, १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारण्यांत आले होते. त्यांतील शेंकडा ५३.२२ मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. आणि अत्याचार करणारांपैकीं निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासांतले होते. बागुलबुवा बाहेरून येतो असें आपण मुलांना सांगत आलों. पाहणी सांगते कीं तो पुष्कळदां ओसरीवर पाहुणचार घेत बसलेला असतो. अशा मुलाला समुपदेशक हवा, डॉक्टर हवा, कोर्टांत सोबत हवी. आणि ही गरज निकालाच्या दिवशीं संपत नाहीं. कित्येकदां ती चाळिशींत प्रथम बोलून दाखविली जाते. महाराष्ट्र सरकारची २०१३ सालची 'मनोधैर्य' योजना अर्थसाहाय्य देते, तें उपकारकच आहे; परंतु वर्षानुवर्षांची सोबत एकदां मिळालेल्या रकमेनें पुरी होत नाहीं. म्हणून संस्था हव्यात, आणि संस्थांना पैसा हवा. पैसा मागण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. विचार करावयाचा तो, पैशासाठीं काय मांडून दाखवावें याचा.

या विचारास मराठी वाचकाला उपयोगी पडेल असें एक नाटक आपल्या घरींच आहे. विजय तेंडुलकरांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगांवांत प्रयोग करावयास येते. तिचें ब्रीद लोकजागृतीचें. अभिरूप न्यायालय भरवून अण्वस्त्रांसारख्या जगाच्या प्रश्नावर खेडुतांना शहाणें करावें असा तिचा संकल्प. प्रयोगाला अवकाश असतो, म्हणून वेळ घालविण्यासाठीं हे लोक आपल्यांतल्याच एका शिक्षिकेवर, लीला बेणारेवर, लटका खटला भरतात. आणि लटक्याचें खरें केव्हां झालें हें कोणालाच कळत नाहीं. या खटल्यांत तिच्या कोंवळ्या वयांतली गोष्ट बाहेर पडते. ती जेमतेम चौदा वर्षांची असतांना तिच्या आईच्या भावानें तिला नादीं लावलें, आणि लग्नाचा विषय निघतांच तो पळाला. मंडळींतला एकजण ही गोष्ट ऐकीव माहिती म्हणून चवीनें सांगतो, आणि न्यायालय ती तिच्या वाईट चालीचा पुरावा म्हणून दाखल करून घेतें. पुढें तीच गोष्ट बेणारे स्वतःच्या तोंडानें सांगते, तेव्हां भोंवतालचीं सारीं पात्रें जागच्या जागीं थिजलेलीं असतात. प्रेक्षकाला ती ऐकूं येते. ज्यांनीं ऐकावयास हवी त्यांना येत नाहीं.

या मामाच्या प्रकरणास प्रेम म्हणण्याची आपल्याला संवय झाली आहे. बेणारे स्वतःहि त्याला प्रेमच म्हणते. त्या वयांत मुलीजवळ दुसरा शब्द नसतो, आणि मोठेपणीं तो तिला कोणी दिलेला नसतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला लोक पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालच्या मुलाची संमति मानीतच नाहीं. त्या दृष्टीनें हें नाटक पुन्हा वाचलें म्हणजे त्यांतील न्यायालयाचें क्रौर्य दुप्पट वाटूं लागतें. आमच्या विषयाला मात्र त्यांतली दुसरी एक गोष्ट अधिक लागू आहे. गोष्ट एकच, परंतु ती दुसऱ्याच्या तोंडीं करमणूक झाली, आणि जिची तिच्या तोंडीं साक्ष झाली. शिवाय ती करमणूक करणारे लोक दुष्ट म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते लोकजागृति करावयास निघालेले सुशिक्षित मध्यमवर्गीय गृहस्थ होते.

हेतु उदात्त असला म्हणजे साधन आपोआप शुद्ध होतें असें नाहीं, याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासांतहि आहे. १८८५ च्या जुलै महिन्यांत डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकानें 'पॉल मॉल गॅझेट' पत्रांत लंडनमधील बालिकांच्या विक्रीवर लेखमाला लिहिली. देश हादरला, आणि त्याच वर्षीं संमतिवय १३ वरून १६ वर गेलें. एवढें मोठें यश क्वचितच कोणा पत्रकाराला लाभलें असेल. परंतु विक्री किती सोपी आहे हें सिद्ध करण्यासाठीं त्यानें खरीखुरी तेरा वर्षांची एक मुलगी पैसे देऊन मिळविली होती. लेखांत तिला टोपणनांव दिलें होतें. तरी वर्णनावरून तिच्या आईनें तिला ओळखलें, प्रकरण कोर्टांत गेलें, स्टेडला तीन महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्या मुलीचें खरें नांव मात्र इतिहासांत कायमचें चिकटलें. तें येथें पुन्हा देण्याचें प्रयोजन नाहीं.

टोपणनांव पुरें पडत नाहीं, हें राळेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं राहणारास समजावून सांगावें लागत नाहीं. 'राळेगांवजवळच्या एका खेड्यांतील सातवींतली मुलगी, बाप शेतमजूर, आई वारलेली' एवढें वर्णन मुंबईच्या वाचकाला निनांवी वाटेल. येथें बाजाराच्या दिवशीं दुपारपर्यंत त्या मुलीचें घर कोणतें हें सर्वांना ठाऊक झालेलें असेल. मदत करणारा दूर असतो. ओळखणारा शेजारीं असतो. पॉक्सो कायद्याचें २३ वें कलम म्हणूनच केवळ नांवावर थांबत नाहीं. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, किंवा ज्यावरून मूल ओळखतां येईल अशी दुसरी कोणतीहि खूण प्रसिद्ध करण्यास तें मनाई करतें. हें कलम ज्यानें लिहिलें त्याला खेडेगांव ठाऊक असलें पाहिजे! आवाहन लिहिणारानें आपला मजकूर दात्याच्या डोळ्यांनीं एकदां वाचावा, आणि त्या मुलीच्या गल्लींतल्या माणसाच्या डोळ्यांनीं दोनदां वाचावा.

मग कहाणी सांगूंच नये काय? याचें उत्तर महेश दत्तानी यांच्या 'थर्टी डेज इन सप्टेंबर' या इंग्रजी नाटकांत सांपडतें. घरांतल्याच माणसाकडून अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठीं काम करणाऱ्या दिल्लीच्या 'राही' संस्थेनें तें लिहवून घेतलें, आणि २००१ सालीं मुंबईच्या पृथ्वी थिएटरांत लिलेट दुबे यांच्या दिग्दर्शनाखालीं त्याचा प्रयोग झाला. दत्तानींनीं अनेक स्त्रियांचे अनुभव ऐकले. परंतु रंगभूमीवर त्यांपैकीं कोणालाहि उभें केलें नाहीं. माला ही कल्पित आहे. येथेंहि अपराधी मामाच आहे, आणि आई शांता श्रीकृष्णाच्या तसबिरीपुढें मौन धरून बसलेली आहे. हें मौन निष्ठुरपणाचें आहे असें आपण समजूं लागतों, तोंच कळतें कीं त्याच भावानें बालपणीं तिचाहि असाच बळी घेतलेला होता.

या नाटकांतील दोन गोष्टी आमच्या प्रश्नाला थेट भिडतात. पहिली नांवाची. आरंभीं मालाचा आवाज समुपदेशनाच्या ध्वनिफितींतून येतो, आणि झाल्या प्रकाराचा दोष ती स्वतःकडे घेते. पुढें तीच माला आपलें खरें नांव सांगावयास तयार होते. लपावयाचें तर त्यानें लपावें, हें तिला आतां उमगलेलें असतें. या दोन मनःस्थितींमधलें अंतर म्हणजेच तें नाटक. तें अंतर तिचें तिनें चालावयाचें असतें. दुसऱ्यानें आधींच नांव फोडलें तर तो प्रवासच तिच्यापासून हिरावला जातो. दुसरी गोष्ट पैशाची. नवऱ्यानें टाकलेल्या शांतेचा संसार भावाच्या पैशावर चाललेला आहे, आणि त्या उपकाराची किंमत म्हणजे तिचें मौन. मदतीला अट जोडलेली असली म्हणजे ती कशी विषारी होते, हें याहून स्पष्ट कोठें दिसावें? मामा पैसे देऊन मौन विकत घेतो; आपण पैसे देऊन कथन विकत घेऊं लागलों तर सौदा उलटा झाला एवढेंच. मुलगी दोन्हींकडे बांधलेलीच राहिली.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, करुण कहाणी आणि फोटो यांच्यावांचून लोक खिशांत हात घालीत नाहींत. हा आक्षेप हलका नाहीं. परंतु आपल्याच इतिहासानें त्याला उत्तर दिलेलें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालीं 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हें पुस्तक फिलाडेल्फिया येथें प्रसिद्ध केलें, तें विधवांच्या शाळेला द्रव्य मिळावें म्हणूनच. त्यांत हिंदु स्त्रीचें बाल्य, विवाहित जीवन आणि वैधव्य यांचें क्रमवार वर्णन आहे. कायदा आणि रूढि यांचें विवेचन आहे. शेवटीं मागणें काय आहे तें स्वच्छ सांगितलें आहे. आणि लिहिणारी स्वतः विधवा होती. त्या वर्षअखेर बोस्टन येथें साहाय्यक मंडळ स्थापन झालें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. दत्तानींच्या नाटकाचेंहि असेंच. मुंबईंत शाळाशाळांतून मुलांना स्वसंरक्षणाचे धडे देणारी 'अर्पण' ही संस्था ज्यांनीं काढली, त्यांना या कामाची प्रेरणा हें नाटक पाहूनच मिळाली. एका कल्पित मालेनें जें केलें तें करण्यासाठीं कोणा खऱ्या मुलीला उघडें पडावें लागलें नाहीं.

आणि जेथें खरा माणूसच बोलतो, तेथें तो मोठा होऊन, आपण होऊन बोलतो. १३ मे २०१२ रोजीं आमिर खान यांच्या 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमांत हरीश अय्यर यांनीं स्वतःच्या बालपणांतील अत्याचार सर्व देशासमोर सांगितले, आणि मुलगे या संकटापासून सुरक्षित असतात ही समजूत घरोघर हादरली. नऊच दिवसांनीं लोकसभेनें पॉक्सोचें विधेयक संमत केलें. अय्यर यांच्या बोलण्यांत याचना नव्हती. ऐकणाराला दया येण्यापूर्वीं लाज वाटावी, असें तें बोलणें होतें.

चांगल्या आवाहनाची परीक्षा, आमच्या मतें, येथेंच होते. करुणरस वाचकाला अश्रू ढाळून मोकळा करतो. पैसे पाठविले कीं तो स्वतःच्या चांगुलपणावर प्रसन्न होऊन दुसऱ्या बातमीकडे वळतो. परंतु या विषयांत त्याला मोकळा करून चालणार नाहीं. पैसा कोणत्या कामाला लागला याचा हिशेब त्याला मिळाला पाहिजे, आणि त्याच्याकडूनहि हिशेब मागितला गेला पाहिजे: घरांतलें मूल एखाद्या पाहुण्याजवळ जावयास कां नाकारतें, हें त्यानें विचारलें आहे काय? असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळविणें हें पॉक्सोच्या १९ व्या कलमान्वयें आपलें कर्तव्य आहे, हें त्याला ठाऊक आहे काय? १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेला आणि आतां देशभर चालणारा १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक त्याच्या मुलांना पाठ आहे काय? हे प्रश्न विचारणाऱ्या आवाहनाला कदाचित् रक्कम थोडी कमी मिळेल. परंतु ती देणाराच्या घरांत तरी एखादें मूल आई-बापांपाशीं बोलावयाला धजेल. आणि त्या मुलासाठीं पुढें कोणाला झोळी घेऊन फिरावें लागणार नाहीं.