मधला आठवडा : ‘लॉस्ट’चे चाहते आणि त्यांचे अंदाज

सोमवार, २४ मे २०१०. सकाळचे नऊ वाजून गेले होते. न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे रविवारची रात्र होती आणि ‘लॉस्ट’ या मालिकेचा अखेरचा भाग नुकताच संपला होता. सहा वर्षं आमचा हाच परिपाठ होता. तिकडे भाग संपला की तो फोन करायचा, मी पुण्यात चहाचा कप घेऊन ऐकायला बसायची. तो आधी गोष्ट सांगे, मग तिचा अर्थ लावी आणि मग पुढे काय होणार याचे अंदाज सुरू होत. फोनचं बिल वाढे ते बहुतेक या अंदाजांपायी. भाग प्रत्यक्ष बघायला मला पुढे केव्हातरी मिळत असे. त्या सकाळी मात्र त्यानं गोष्ट सांगितलीच नाही. ‘‘ताई, सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते गं. सहा वर्षं फसवलं आपल्याला,’’ एवढंच म्हणाला.

दोनएक आठवड्यांनी मी तो भाग पाहिला. भावाचं म्हणणं साफ चूक होतं. इथे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. पडद्यावर एक पात्र दुसऱ्याला स्पष्ट शब्दांत जे सांगतं, त्याच्या नेमकं उलट तो ऐकून उठला होता. आणि तो काही एकटा नव्हता. ‘लॉस्ट’चा एकही भाग न पाहिलेली माणसंसुद्धा आज ‘सगळे मेलेले असतात तीच ना ती मालिका?’ असं विचारतात. सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहणारा प्रेक्षक शेवटच्या दहा मिनिटांत इतकं सोपं बोलणं कसं चुकतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याचं उत्तर मला मालिकेत मिळालं नाही. ते दोन भागांच्या मधल्या आठवड्यात मिळालं.

‘लॉस्ट’ २२ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत ‘एबीसी’ वाहिनीवर सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशॅनिक कंपनीचं ८१५ क्रमांकाचं विमान एका अनोळखी बेटावर कोसळतं. वाचलेली माणसं आणि ते बेट, एवढंच सुरुवातीला दिसतं. मग उष्ण कटिबंधातल्या त्या जंगलात ध्रुवीय अस्वल येतं, जमिनीत पुरलेलं पोलादी झाकण सापडतं, ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात. पुढे विद्युतचुंबकीय प्रयोग आणि कालप्रवास आले, तेव्हा ही विज्ञानकथा आहे याबद्दल शंका उरली नाही. डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज या दोघांनी ती शेवटपर्यंत चालवली.

मार्च २००६ मधल्या ‘लॉकडाउन’ या भागात जॉन लॉक भूमिगत ठाण्याच्या पोलादी दाराखाली पाय अडकून पडलेला असतो. दिवे जातात, अतिनील प्रकाश लागतो आणि दारावर कुणीतरी हातानं काढलेला नकाशा काही सेकंद दिसतो. काही सेकंदच. चाहत्यांनी ते चित्र थांबवून, मोठं करून, अक्षर न् अक्षर वाचून काढलं. त्यातल्या लॅटिन वाक्यांचे अर्थ लावले. माझ्या भावानं ग्राफपेपरवर त्या नकाशाची प्रत काढून मला टपालानं पाठवली. अभ्यासक जेसन मिटेल यांनी अशा प्रेक्षकांना न्यायवैद्यकाची उपमा दिली आहे. उपमा चपखल आहे, पण एका जागी ती मला अडते. न्यायवैद्यक माणूस मेल्यावर येतो. इथे देह जिवंत होता, दर आठवड्याला वाढत होता, आणि चाहते त्याचं शवविच्छेदन करत होते.

मी या लोकांची टिंगल करत नाही. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ च्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या पुस्तकापासून चाहत्यांच्या चर्चेकडे गांभीर्यानं पाहिलं जाऊ लागलं, आणि ते योग्यच झालं. एका दृश्यावर चार-चार तास बोलणारा वाचक आपल्या कवितासंग्रहांना मिळाला, तर कवी धन्य होतील. अंदाज बांधायचा तर बारकाईनं वाचावं लागतं. अंदाज हेही एक वाचनच. पण ते भविष्यावर हक्क सांगणारं वाचन असतं. एकदा अंदाज जाहीर केला, मित्रांशी त्यावरून भांडण केलं, की पुढचा भाग पाहताना आपण दोनच गोष्टी पाहू लागतो : अंदाजाच्या बाजूचं आणि विरुद्धचं. बाकीचं डोळ्यांसमोरून जातं, डोळ्यांत शिरत नाही.

‘लॉस्ट’च्या बाबतीत सर्वांत जुना अंदाज परगेटरीचा होता. परगेटरी म्हणजे कॅथलिक कल्पनेतला स्वर्गाआधीचा मुक्काम, जिथे आत्मे शुद्ध होतात. विमान पडलं तेव्हाच सगळे मेले आणि बेट म्हणजे हाच मुक्काम, असं पहिल्याच वर्षी चाहते म्हणू लागले. निर्मात्यांनी ते जाहीरपणे नाकारलं. भावाचा या नकारावर कधी विश्वास बसला नाही. ‘‘ते कशाला कबूल करतील?’’ हा त्याचा युक्तिवाद, आणि तो काही अगदीच टाकाऊ नव्हता.

आता अखेरचा भाग पाहा. सहाव्या पर्वात बेटाच्या कथेबरोबर दुसरीही एक कथा चालू असते, जिच्यात विमान कोसळतच नाही. शेवटी जॅक एका चर्चमध्ये येतो, वडिलांची शवपेटी उघडतो, ती रिकामी असते, आणि मागे वडील उभे असतात. ते त्याला सांगतात, की तुझ्या आयुष्यात जे घडलं ते सगळं खरं होतं, इथे जमलेली माणसंही खरी आहेत. प्रत्येकाला कधीतरी मरण येतंच, यांतले काही तुझ्या आधी गेले, काही तुझ्यानंतर फार वर्षांनी. आणि ही जागा तुम्ही सर्वांनी एकमेकांना भेटता यावं म्हणून तयार केली आहे. म्हणजे बेट खरं. मृत्यूनंतरची आहे ती दुसरी कथा, विमान न कोसळलेली.

थोडक्यात, परगेटरीचा अंदाज बरोबर निघाला, पण भलत्याच जागी. सहा वर्षं मनात धरून ठेवलेला शब्द पडद्यावर आल्यासारखा वाटला आणि भावानं तो आपल्या जुन्या जागी, बेटावर, चिकटवून टाकला. त्यानंतर बाप काय बोलतोय हे त्यानं ऐकलंच नाही. त्यात भर म्हणजे श्रेयनामावलीबरोबर किनाऱ्यावरच्या विमानाच्या सांगाड्याची, माणसं नसलेली दृश्यं होती. ती वाहिनीनं जोडली होती. कथेनंतर थेट बातम्यांवर जाणं प्रेक्षकाला जड जाऊ नये, हा त्यांचा हेतू होता. पण ज्याला सुटं चित्र दिसलं की पुरावाच दिसतो, त्याला हा सांगाडा कबुलीजबाब वाटला.

अंदाज बरोबर आला असता तर? तो अनुभव माझा आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही. २ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘एचबीओ’वर ‘वेस्टवर्ल्ड’ सुरू झाली. माणसांच्या करमणुकीसाठी यंत्रमानवांनी भरलेलं एक उद्यान. तिथे पहिल्यांदाच आलेला सौम्य स्वभावाचा विल्यम. आणि वर्षानुवर्षं तिथे येऊन क्रौर्य करणारा काळ्या पोशाखातला म्हातारा. काही दृश्यांत उद्यानाचं बोधचिन्ह वेगळं आहे, हे चाहत्यांनी हेरलं आणि तर्क मांडला : या दोन कथा एका काळातल्या नाहीत, त्यांच्यात तीस वर्षांचं अंतर आहे, आणि विल्यम हाच तो म्हातारा. मलाही हे चौथ्या भागाच्या सुमारास पटलं. घरी, कॉलेजात, जो मालिका पाहत होता त्याला मी ते ऐकवलं. डिसेंबरात दहाव्या भागात ते खरं ठरलं, तेव्हा मी सोफ्यावर बसून टाळी वाजवली.

पुढे वर्षभरानं तोच भाग पुन्हा पाहिला तेव्हा लाज वाटली. त्या दृश्यात डोलोरेस आहे. यंत्राची स्मृती आपल्यासारखी पुसट होत नाही. तिला आठवतं ते पुन्हा घडतं, आणि आत्ता कोणता काळ चालू आहे हे तिला कळत नाही. दोन काळांची ती गुंतागुंत मुळात लेखकाची चलाखी नव्हतीच, ते तिचं दुखणं होतं. विल्यम आपल्याला शोधत येईल, या आशेवर ती तग धरून असते. आणि तो आलेलाच आहे, तिला मारणारा हाच तो आहे, हे तिला त्या क्षणी कळतं. तिचं जग कोसळत होतं आणि मी टाळी वाजवत होते. जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी २०१८ मध्ये दुसऱ्या पर्वाआधी आम्हा अंदाजखोरांची थट्टाही केली. सगळं पर्व आधीच उघड करतो म्हणून एक चित्रफीत दिली, आणि तिच्यात निघालं ऐंशीच्या दशकातलं एक गाणं. थट्टा बरी होती. पण अशी कोडी घालायची सवय त्यांनीच लावली होती, हेही म्हटलं पाहिजे.

अंदाज प्रेक्षकापुरता थांबत नाही, लेखकाचा हातही धरतो. ‘बॅबिलॉन ५’चे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की नव्वदच्या दशकात चाहत्यांच्या चर्चेत स्वतः उतरत. एकच अट असे, कथेच्या कल्पना सुचवायच्या नाहीत. उद्या कुणी म्हणालं की ही माझी कल्पना, तर कज्जा व्हायचा. तरी एका चाहत्यानं सहज काही लिहिलं आणि ते नेमकं त्यांच्या डोक्यातल्या एका कथेजवळ गेलं. त्यांनी ती कथा बाजूला ठेवून दिली. चाहत्यानं हक्क सोडल्याचं कायदेशीर लेखी दिल्यावरच ती झाली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ या नावानं आली.

ती कथा अशी : ब्रदर एडवर्ड हा सालस साधू. खुन्याला फाशी न देता त्याचं व्यक्तिमत्त्व पुसून नवं देण्याची शिक्षा त्या काळात आहे, आणि आपण पूर्वी तसे खुनी होतो हे त्याला कळतं. जे पाप आठवत नाही त्याची क्षमा मागायची कशी? बळी पडलेल्यांचे नातलग सूडासाठी येतात तेव्हा तो पळत नाही. शेवटी त्याच्या मारेकऱ्याचंही व्यक्तिमत्त्व पुसलं जातं, तो साधू होऊन समोर येतो, आणि कॅप्टन शेरिडनला त्याच्याशी हस्तांदोलन करावं लागतं. व्यक्तिमत्त्व पुसलेल्या माणसाला आपला भूतकाळ कळला तर, ही कल्पना कुणालाही सुचू शकते. पण तो अवघडून पुढे केलेला हात कुठल्याच अंदाजात बसत नाही. आपल्याकडे कीर्तनाच्या उत्तररंगात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं, की शेवट ठाऊक असलेलीच माणसं मांडी घालून बसतात. डोंबाघरचा प्रसंग आला की तरीही पदर डोळ्यांना लागतात.

भावाचाही असा एक फोन मला आठवतो. शुक्रवार, २९ फेब्रुवारी २००८. आदल्या रात्री त्यांच्याकडे ‘द कॉन्स्टंट’ हा भाग झाला होता. डेस्मंडचं मन १९९६ आणि २००४ या दोन काळांत हेलकावे खातंय. स्थिर व्हायचं तर दोन्ही काळांत ओळखीचं एक माणूस हवं. १९९६ मध्ये तो दुरावलेल्या पेनीकडे फोन नंबर मागतो आणि आठ वर्षं तो बदलू नकोस म्हणतो. २००४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो नंबर फिरवतो. ती फोन उचलते. भावानं हे सांगितलं आणि गप्प झाला. पुढे काय होईल, असं त्या दिवशी त्यानं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. बिल नेहमीपेक्षा कमी आलं असणार.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीनं ‘लॉस्ट’ची सहाही पर्वं सलग पाहिली, दिवसाला तीन-चार भाग, मधे आठवडा नाही, वाट पाहणं नाही. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. चर्चचा प्रसंग संपल्यावर भाऊ आपलं जुनं पालुपद म्हणू लागला, तर ती म्हणाली, ‘‘आत्या, ते सांगतायत ना, सगळं खरं होतं म्हणून? मग बाबा असं काय म्हणतोय?’’ भावानं खांदे उडवले. मी जिंकल्याच्या आनंदात खोलीत गेले आणि तिला द्यायला पुण्याहून नेलेला तो ग्राफपेपर बॅगेतून काढून आणला. घड्यांवर चिरलेला, शाई पुसट झालेला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

‘‘हे कुठल्या भागात होतं?’’ तिनं विचारलं.