भुशाचा रस

लिंबागणेश हे बालाघाटाच्या डोंगरातलं, भालचंद्र गणपतीचं गाव. तिथं एखाद्या जुन्या मातीच्या भिंतीचा पोपडा सुटलेला दिसला की मी थांबतो. आत गव्हाचं काड दिसतं. गारा तुडवताना घातलेलं. वाळताना माती आक्रसते, तडा निघू पाहतो, तेव्हा हे काड त्याला आडवं येतं. भिंतीचं कसलं आलंय रसग्रहण, असं कुणी म्हणेल. पण गिलाव्यातल्या भुशाचा मामला शब्दशः रसाचाच आहे.

वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले आहेत, हे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. अजिंठ्याला मात्र भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचं किडीनं बरंच नुकसान केलं आहे. म्हणजे गिलाव्यात काय घालायचं, ही निवड नुसती ताकदीची नव्हती.

मातीला काड चालतं. चुन्याला तर गोडाचं वावडंच नाही. घाण्यात चुना मळताना गूळ घालायची रीत होती, आणि साखरेनं चुना पाण्यात जास्त विरघळतोही. सिमेंटचा स्वभाव नेमका उलटा. 50 किलोच्या पोत्यामागे 25 ग्रॅम साखर पडली तरी माल घट्ट व्हायला सुमारे चार तास उशीर होतो. 100 ग्रॅमच्या पुढे गेलात तर तो धरतच नाही म्हणा. साखर सिमेंटच्या कणांना बिलगते आणि त्यांची पाण्याशी चाललेली क्रिया अडवते. ज्या बीड जिल्ह्यातली माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन उसाच्या फडावर जातात, तिथं बसून हे लिहिताना गंमत वाटते, आणि थोडं टोचतंही.

सिमेंटमध्ये वखारीतला लाकडाचा भुसा मिसळायचा तर त्यातही अशीच साखर दडलेली असते. बाभळीच्या भुशात तर टॅनिनही, आणि तेही आडवंच येतं. म्हणून भुसा आधी गरम पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत भिजवायचा, धुवायचा. कुणी मालात कॅल्शियम क्लोराईड घालून तो लवकर धरायला लावतात. पण आत लोखंडी सळई असेल तर हा इलाज नको, ती गंजते.

इतकं करून हाती येतं ते भुसा-सिमेंटचं मिश्रण हलकं, ऊन आत यायला वेळ लावणारं, खिळा ठोकू देणारं. भार पेलायला मात्र कमजोर, आणि ओल धरली की फुगणारं. खांबाला ते नकोच. दोन खोल्यांमधल्या आडभिंतीला, पत्र्याखाली छताला लावायच्या फळ्यांना बरं. लाकडाचे कण आणि सिमेंट यांच्या अशा फळ्यांसाठी भारतीय मानक 14276 आहे.

मला या सगळ्यात आवडतं ते धुणंच. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं उतरतं. दुसरं फिकट. तिसऱ्या पाण्यात हाताची बोटं दिसली की मग सिमेंटचं पोतं फोडायचं.