मॉमच्या हेरकथेतील हिंदी क्रांतिकारक

हेरकथेत समकालीन संघर्षांचे प्रतिबिंब पडते हे मत आता सर्वमान्य झाले आहे. मात्र ते प्रतिबिंब कोणाच्या आरशातले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सॉमरसेट मॉमच्या ‘अ‍ॅशेंडेन’ (१९२८) या संग्रहातील ‘जूलिया लाझारी’ ही कथा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

पहिल्या महायुद्धात मॉमने स्वित्झर्लंडमध्ये ब्रिटिश हेरखात्याचे काम केले. त्याला नेमणारे जॉन वॉलिंजर हे हिंदुस्थानी पोलीस खात्यातून आलेले, युरोपातील हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवणारे अधिकारी होते. कथेतील ‘आर.’ या वरिष्ठाचे मूळ त्यांच्यात आहे. तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये आलेल्या चंद्र लाल या क्रांतिकारकाला, त्याच्या प्रेयसीकडून पत्रे लिहवून घेऊन, सरोवरापलीकडील फ्रेंच हद्दीत आणावयाचे असा आर.चा बेत. चंद्र येतो, पकडला जातो आणि विष घेतो.

चंद्र लालमागे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांची छाया अभ्यासकांनी ओळखली आहे. सरोजिनी नायडूंचे हे बंधू लंडनच्या ‘इंडिया हाउस’मध्ये सावरकरांच्या वर्तुळात वावरले आणि पुढे जर्मन साहाय्याने उभ्या राहिलेल्या बर्लिन समितीचे अग्रणी झाले. १९१५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ब्रिटिश हस्तकाने त्यांच्यावर टाकलेले जाळे फसले. कथेत मात्र ते यशस्वी होते. हेरखात्याचे अपयश मॉमने कागदावर भरून काढले, असे म्हटल्यास अन्याय होऊ नये.

तथापि मॉम प्रचारक नव्हे. एकट्याच्या बळावर साम्राज्याशी झुंजणाऱ्या या माणसाविषयी अ‍ॅशेंडेन आदर बोलून दाखवितो आणि तो आर.ला रुचत नाही. परंतु हा आदर धैर्याविषयी आहे, ध्येयाविषयी नव्हे. चंद्र वाचकाला भेटतो तो मुख्यतः छायाचित्रात, प्रेमपत्रांत आणि शेवटी प्रेतरूपाने. देशभक्ताचा प्रियकर होतो आणि त्या प्रेमापायीच त्याचा घात होतो. पारतंत्र्याचा प्रश्न कथानकाची सोय म्हणून तेवढा उरतो. अखेरीस लाझारी आपण दिलेले मनगटी घड्याळ परत मागते. ही कलाटणी बिनतोड खरी. पण तिच्या धक्क्यात मृताचे कार्य वाचकाच्या मनातून पुसले जाते.

प्रत्यक्षात चट्टोपाध्याय वाचले, बर्लिनमध्ये साम्राज्यशाहीविरोधी कार्य करीत राहिले, पुढे सोव्हिएत संघात गेले आणि १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात मारले गेले. १९२८ मध्ये हे मॉमला ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्याच्या कथेतील हिंदी क्रांतिकारक त्यापूर्वीच थोनोंच्या किनाऱ्यावर संपला होता.